चकती-ब्रेकच्या सायकलीचीं चाकें

भिवंडी म्हटली कीं यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांकडे निघालेल्या मालमोटारींची रांग डोळ्यांपुढें उभी राहते. याच गांवांतून पहांटे कांहीं तरुण सडपातळ सायकलींवर वज्रेश्वरीकडे किंवा नाशिकच्या हमरस्त्यानें कसाऱ्याकडे निघतात. अशा सायकलींना हल्लीं चकतीचे ब्रेक असतात. नव्या चाकांचा विषय निघाला म्हणजे मुलास हलकीं चाकें हवीं असतात आणि वडिलांस स्वस्त. वास्तविक पहिला प्रश्न निराळाच आहे: पावसाळ्यांतल्या खड्ड्यांत हें चाक टिकेल काय, आणि बिघडल्यास गांवांत दुरुस्त होईल काय?

पूर्वीच्या ब्रेकांत रबराचे ठोकळे रिमवर घासत. पावसांत मधें वाळू अडके आणि रिम झिजे. नवा ब्रेक मधल्या तुंब्यावरील, म्हणजे हबवरील, पोलादी चकतीस धरतो. रिमची ती झीज थांबली, पण थांबविण्याचा सगळा जोर आतां हबपासून रिमपर्यंत स्पोकांना वाहून न्यावा लागतो. म्हणून चकतीच्या बाजूचे स्पोक सूर्यकिरणांसारखे सरळ नसावेत, एकमेकांस छेदून गेलेले असावेत. हलक्या स्वारास २४ स्पोक पुरतात. अंगानें भारी असणाऱ्यानें २८ घ्यावेत. ते बाजारांत सहज मिळणाऱ्या, टोकाशीं वांकविलेल्या साध्या जातीचे असणें बरें.

दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं सायकलीचीं मापें कागदावर लिहून घ्यावीं. नव्या सायकलींत बहुधा १२ मिलिमीटर जाडीचा आंस असतो. हबची रुंदी पुढें १०० व मागें १४२ मिलिमीटर असते. चकती सहा स्क्रूंनीं बसते कीं मधल्या एका कड्यानें, आणि मागील दांतचक्रें कोणत्या बनावटीचीं आहेत, हेंहि पाहावें. यांतलें एक जरी चुकलें तरी चाक घरांत शोभेला राहील.

आतां वजनाचा मोह. स्वार व सायकल मिळून ८० किलो धरले आणि महाग चाकांनीं ३०० ग्रॅम वांचविले, तर तासाभराच्या घाटांत सुमारें तेरा सेकंदांचा लाभ होतो. शर्यतींत तेवढ्यानें निकाल फिरेल. रविवारच्या फेरीस त्याचें काय? उलट खड्ड्यांत आपटून कार्बनच्या रिमला चीर गेली तर ती बहुधा टाकूनच द्यावी लागते. अॅल्युमिनियमच्या चाकाचा किरकोळ आऊट गांवचा कारागीर स्पोक आवळून काढतो.

रिमची आंतली रुंदी १९ ते २१ मिलिमीटर असावी, म्हणजे २८ किंवा ३० चा टायर नीट बसतो व हवा थोडी कमी ठेवतां येते. कांहीं नव्या रिमांना टायर अडकविणारी आंतली कड नसते. त्यांस ठराविकच टायर चालतात, आणि हवा ७२ पौंडांहून अधिक भरणें धोक्याचें असतें. पंपावर डोळे झांकून हवा भरणाऱ्यानें अशा रिमच्या वाटेस जाऊं नये.

थोडक्यांत, बदलतां येणारीं बंद बेअरिंगें, पुरेसे स्पोक आणि अॅल्युमिनियमची रिम, हाच किफायतीचा सौदा. उरलेल्या पैशांत उत्तम टायर घ्यावे, आणि पहिल्या दोन-तीनशें किलोमीटरांनंतर स्पोकांचा ताण तपासून घ्यावा. उतारावर वेगानें येणाऱ्या मुलाचा जीव याच बारीक तारांवर तोललेला असतो.