गाडी डुलते तेव्हा आधी काय विचारायचं?



आज मी गाडीच्या शॉकअपबद्दल बोलणार आहे. हसू नका. बचत गटाची बाई कर्ज, हप्ता, व्याज सोडून गॅरेजमध्ये कुठं शिरली, असं वाटेल. पण आमच्या गटात हा विषय कर्जाच्या अर्जावरूनच आला, आणि त्यातून मी जे शिकले ते तुमच्याही उपयोगाचं आहे. आता आपल्यापैकी कितीतरी जणींच्या दारात जुनी का होईना, छोटी गाडी उभी आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच जणी पाचगणीहून वाईला येत होतो. प्रदर्शनात न खपलेली मसाल्याची खोकी कॅरिअरवर बांधलेली. गाडी आमच्या गटातल्या एका वहिनींची, चालवतही त्याच होत्या. उंच बांध्याची छोटी गाडी, सेकंडहँड घेतलेली, सत्तर हजार किलोमीटर झालेली. पसरणीच्या घाटात एका वळणावर रस्ता थोडा उखडलेला होता. गाडी एका अंगाला कलली, खड्ड्यावरून उडाली आणि दोन-तीनदा डुलत कठड्याच्या बाजूला सरकली. वहिनींचा वेग कमी होता म्हणून गाडी सावरली. पण वाईत पोचेपर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही.

पुढच्या बैठकीत वहिनींनी पंचेचाळीस हजारांच्या कर्जाचा अर्ज ठेवला. त्यांच्या मुलानं शहरातल्या एका दुकानातून कोटेशन आणलं होतं. गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, कडक शॉकअप, रुंद टायर आणि मोठे अलॉय व्हील. "हे टाकलं की गाडी रस्त्याला चिकटून चालते," असं दुकानदारानं सांगितलं होतं.

खरं सांगते, मी सही करायला पेन काढलं होतं. म्हशीसाठी कर्ज मागितलं तर आम्ही कितवं वेत, दूध किती, वैरण कुठली, सगळं विचारतो. गाडीचं म्हटल्यावर सगळ्या गप्प. जणू तो आपला प्रांतच नाही. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "नवीन काय टाकायचं ते कळलं. पण जुनं काय बिघडलंय, ते कुणी बघितलंय का?"

कुणीच बघितलं नव्हतं. मग वहिनी, त्यांचा मुलगा आणि मी, तिघं एसटी स्टँडजवळच्या जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो.

काकांनी आधी आम्हाला गाडीखालचा कारभार समजावला. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. खड्डा आला की ती दबते आणि परत उसळते. पण स्प्रिंगचा स्वभाव झोक्यासारखा. एकदा हलली की हलतच राहणार. तो झोका थांबवण्याचं काम शॉकअप करतो. त्याच्या नळीत तेल असतं, बारीक छिद्रांतून ते सावकाश सरकतं आणि उसळी शोषून घेतं. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांवर स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबासारखे जोडलेले असतात. अर्ल मॅकफर्सन नावाच्या इंजिनिअरनं १९४० च्या दशकात ही रचना केली. जागा कमी लागते आणि स्वस्त पडते, म्हणून ती आजही चालते. तिसरी वस्तू स्टॅबिलायझर बार. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ही पोलादी दांडी वळणावर गाडीला फार कलू देत नाही. आणि या सगळ्यांच्या सांध्यांत रबरी बुश आणि बॉल जॉइंट, आपल्या गुडघ्यातल्या गादीसारखे.

मग काका म्हणाले, "ताई, वळणावर गाडी किती कलणार हे स्प्रिंग आणि बार ठरवतात. किती झटक्यानं कलणार आणि कलल्यावर किती वेळ डुलणार, हे शॉकअप ठरवतो. तुमची गाडी नुसती कलते, का डुलत राहते?"

आमची डुलत होती. म्हणजे संशय आधी शॉकअपवर.

पण त्यांनी सुरुवात केली टायरपासून. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचा स्टिकर असतो. त्यावर कमी माणसं असताना किती आणि भरल्या गाडीत किती, असे वेगळे आकडे दिलेले असतात. वहिनींनी तो कधी वाचलाच नव्हता. मागच्या टायरात हवा बरीच कमी निघाली. कमी हवेचा टायर वळणावर कडेनं दुमडतो आणि गाडी आपल्याला हवी तिकडे न जाता पोहते. पुढच्या दोन टायरांची नक्षी झिजून खुणेपर्यंत आली होती. टायरच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे जेमतेम १.६ मिलिमीटर उरली, टायर बदलायची वेळ झाली. अशा टायरखालून पावसाचं पाणी बाहेर फेकलं जात नाही.

गाडी वर उचलली तेव्हा पुढच्या दोन्ही शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला. मागचे दाबून पाहिले, तेही गेलेले. लोअर आर्मचे बुश फाटलेले, स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड सैल झालेल्या. खराब रस्त्यावर येणारा खटखट आवाज त्यांचाच. शिवाय त्या दिवशी आम्ही पाच जणी आत आणि खोकी डोक्यावर. उंच गाडीच्या टपावर वजन ठेवलं की ती आणखी कलणारच. डोक्यावर हंडा असताना आपण वळताना किती जपतो, तसंच.

मुलगा थोडा नाराज झाला. म्हणाला, "काका, पण स्प्रिंगा बदलल्या तर गाडी आणखी चांगली होईल ना?" काकांनी त्याला झिडकारलं नाही. एकेक वस्तू घेऊन सांगितलं.

आखूड स्प्रिंगेनं गाडी खाली बसते, कमी कलते, हे खरं. पण चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते. आपल्या गावच्या गतिरोधकाला पोट घासतं आणि भरल्या गाडीत खड्डा आला की आतल्या रबरावर धडाधड आपटतं. मूळचा शॉकअप त्या स्प्रिंगेला जुळत नाही, तो लवकर जातो. गुळगुळीत रस्त्यावर ती हौस ठीक. उखडलेल्या रस्त्यावर फार कडक गाडीचं चाक जमिनीवरून उचललं जातं, आणि उचललेलं चाक ना वळवतं, ना थांबवतं.

मोठं व्हील आणि चपटा टायर दिसायला छान, पण चाक जड होतं आणि खड्ड्यात रिम वाकते. स्प्रिंगेच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर स्वस्त मिळतात. त्यानं गाडी थोडी उचलल्यासारखी वाटते, पण स्प्रिंगेचे ते वेढे अडतात आणि सगळा ताण बाकीच्या वेढ्यांवर येतो. थकलेला शॉकअप त्यानं बरा होत नाही. जाड स्टॅबिलायझर बारनं कलणं कमी होतं, पण एका चाकाचा धक्का दुसऱ्याला जास्त पोचतो. मागच्या बाजूला फार कडक बार टाकला तर ओल्या रस्त्यावर गाडीचं शेपूट घसरू शकतं. घाटात, पावसात, नवख्या हाताला ते झेपत नाही.

कायद्याचंही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं की, नोंदणीतल्या, म्हणजे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. विमा कंपनीला न कळवता बदल केला तर अपघातानंतर दाव्यातही अडचण येऊ शकते.

मग सुधारणा करायचीच नाही का? करायची. पण कुणासाठी, हे आधी ठरवून. वहिनींच्या गाडीत मागच्या सीटवर कंबरदुखीच्या सासूबाई दवाखान्यात जातात. महिन्यातून एखादं प्रदर्शन असतं. रस्ता घाटाचा आणि खड्ड्यांचा. या गाडीला शर्यत नको, भरवसा हवा. म्हणून स्प्रिंगा मूळच्याच ठेवल्या, त्या चांगल्या होत्या. शॉकअप मात्र साध्या तेलाच्या जागी गॅस भरलेले घेतले, त्याच मॉडेलसाठी बनवलेले. सारखे खड्डे लागले की साध्या शॉकअपमधल्या तेलाला फेस येतो आणि त्याचा जोर कमी होतो. आत दाबानं भरलेला नायट्रोजन तो फेस आवरतो. शॉकअप नेहमी जोडीनं बदलायचे, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. आमचे चारही बदलावे लागले.

हिशेब सांगते, कारण तो आपला प्रांत आहे. चार शॉकअप, माउंटिंग आणि मजुरी ११,४०० रुपये. बुश आणि लिंक रॉड ३,१००. पुढचे दोन टायर ७,०००. शेवटी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ७००. एकूण २२,२००. पुढचा शॉकअप सोडवला की चाकाचा कोन हलतो, म्हणून अलाइनमेंट टाळायचं नाही. टाळलं तर नवे टायर एका बाजूनं खाल्ले जातात. वहिनींनी २,२०० पदरचे घातले, गटानं २०,००० दिले. अर्ज पंचेचाळीस हजारांचा होता, हे लक्षात ठेवा.

दिवाळीआधी आम्ही त्याच घाटातून आलो. खोकी या वेळी टपावर नव्हती, मागच्या डिकीत खाली ठेवली होती, आणि आम्ही चौघीच होतो. गाडी वळणावर कलली, उंच गाडी थोडी कलणारच. पण खड्ड्यावरून गेली आणि एका दमात स्थिर झाली. मुलगा चालवत होता. खाली उतरल्यावर म्हणाला, "आई, स्टिअरिंग आता ऐकतंय." वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मावशींकडे बघितलं आणि हसल्या.

तर मैत्रिणींनो, तुमची गाडी डुलत असेल, एका बाजूला ओढत असेल, तर या क्रमानं जा. सकाळी टायर थंड असताना हवा तपासा, स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. टायरची नक्षी बघा. टपावरचं ओझं खाली घ्या. मग गाडी वर उचलून शॉकअप, बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड तुमच्या डोळ्यांसमोर तपासून घ्या. काढलेला जुना भाग हातात मागा. त्यानंतर अलाइनमेंट. एवढं करूनही मन भरलं नाही, तरच पुढच्या सुधारणेचा विचार करा, आणि दुकानदाराला विचारा, "हे माझ्याच मॉडेलचं आहे का, आणि भरलेल्या गाडीत, खड्ड्यात याचं काय होईल?"

गॅरेजमध्ये प्रश्न विचारायला लाजू नका. गाडीत आपणही बसतो, आपली लेकरंही बसतात, आणि हप्ताही आपणच फेडतो. आमच्या गटाच्या कर्जाच्या अर्जावर आता एक ओळ वाढवली आहे, मावशींच्याच शब्दांत. जुनं काय बिघडलंय, ते बघितलं का?