ओळख म्हणजे वशिला नव्हे
(रेल्वे व टपाल कामगारांच्या महाविद्यालयीन मुलामुलींपुढे इटारसी येथे एका निवृत्त आर.एम.एस. कार्यकर्त्याने केलेले भाषण)



नोकरीधंद्याच्या जगात पाऊल टाकताना माणसे कशी जोडावीत व चारचौघांत पुढाकार कसा घ्यावा, यावर मी बोलावे असे मला सांगण्यात आले आहे. याला हल्ली नेटवर्किंग म्हणतात. हा विषय निघाला की आपल्या घरांत बाप विचारतो, "तिथे आपल्या ओळखीचा कोण आहे?" आणि मुलगा म्हणतो, "मला नाही कुणाच्या पाया पडायचे." दोघेही ओळख आणि वशिला यांत गल्लत करतात. वशिला म्हणजे दुसऱ्याचा हक्क डावलून आपले काम साधणे. ओळख म्हणजे ज्याला माहीत आहे त्याला विचारणे, आणि आपल्याला जे कळले ते पुढच्याला सांगणे. वशिल्याविरुद्ध संघटना भांडत आली आहे. ओळखीच्या बळावर ती उभी आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांचेच पाहा. ते आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरीला होते, म्हणजे आपल्या दोन्ही खात्यांतले. पुढे मुंबईत एका गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि 1880 पासून 'दीनबंधू' पत्र चालवू लागले. 1884 साली त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या ठरल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे गेला. साडेपाच हजार सह्या! मोबाइल नाही, मोटार नाही. सही घ्यायची तर माणसाजवळ जावे लागते, आपण कोण ते सांगावे लागते, त्याचे ऐकून घ्यावे लागते. सुटी लगेच मिळाली नाही. त्यासाठी सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. मुलींनो, हे ध्यानात असू द्या. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली.

आता आजचे पाहू. आपल्या एका ट्रॅकमनचा मुलगा सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने लिंक्डइनवर चाळीस जणांना एकच मजकूर पाठवला होता : "सर, कृपया नोकरीसाठी मार्गदर्शन करावे." उत्तर एकाचेही आले नाही. मी त्याला म्हटले, घेणाऱ्याचा पत्ता अपुरा आणि पाठवणाऱ्याचाही पत्ता नाही, असे पत्र आर.एल.ओ.त जाते, तुझेही तिथेच गेले. मग आम्ही दोघांनी बसून ते पुन्हा लिहिले. पुलांच्या कामाचा अनुभव असलेले तीनच जण निवडले. मी कोण, काय शिकतो, तुम्हालाच का विचारतो, आणि पाच मिनिटांत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न : पुलाची पावसाळ्यापूर्वीची तपासणी शिकायची तर काय वाचावे?

वडिलांची नोकरी लिहायला तो तयार नव्हता. मी आग्रह धरला. पावसाळी गस्तीवरून भिजून आलेल्या बापाच्या तोंडून या पोराने पुलांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. वर्गातल्या किती जणांजवळ ही शिदोरी असेल? अखेर त्याने लिहिले. तिघांपैकी एकाने फोन केला, दहा मिनिटे बोलला. नोकरी मिळाली नाही, ती मागितलीही नव्हती. पण त्याने जे कळले ते वर्गातल्या सर्वांना सांगितले आणि त्या गृहस्थांना आभाराचे चार शब्द धाडले. माझ्या मते त्या दिवशी तो पुढारी झाला. (वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीत तो नंतर पडला, ते वेगळे.)

माझी स्वतःची एक चूक सांगतो. तरुणपणी मी शाखेचा सहचिटणीस होतो. एका सॉर्टर बंधूच्या मुलाला वसतिगृहात जागा हवी होती. मी ऐटीत म्हणालो, "माझ्यावर सोडा." चौकशी केली, नकार मिळाला. तो नकार सांगायला मला लाज वाटू लागली. महिनाभर मी त्या बंधूला टाळत राहिलो, ड्यूटीसुद्धा बदलून घेतली. तोवर दुसऱ्या वसतिगृहाची अर्जाची मुदत टळून गेली आणि मुलाचे वर्ष फुकट गेले. ते बंधू पुढे निवृत्तीपर्यंत माझ्याशी नीट बोलत, चहा पाजत. पण पुन्हा कधी कोणतेही काम त्यांनी मला सांगितले नाही. भाषण करता येणे, ओळखी असणे हे सगळे माझ्याजवळ होते. जाऊन 'नाही' एवढे सांगण्याची हिंमत नव्हती.

गाडी सुटली की ड्रायव्हर मागे वळून पाहतो आणि गार्ड हिरवी झेंडी दाखवतो. आता त्यांना लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर म्हणायचे, पण सवय जात नाही. सर्व ठीक असले तरी ही खूण होतेच. ज्याने तुम्हाला कोणाचे नाव सुचवले, त्याला पुढे काय झाले ते कळवता का? दहांपैकी नऊ जण कळवत नाहीत, असा माझा अनुभव आहे, आणि मग दुसऱ्या वेळी त्याच दाराशी जायला संकोच वाटतो.

चहानंतर दारापाशी एक वही ठेवलेली असेल. तीत आपले नाव, शिक्षण आणि विचारायची असलेली एक गोष्ट लिहा. शेवटच्या रकान्यात आपण दुसऱ्याला काय सांगू किंवा शिकवू शकता ते लिहा. तो रकाना कोणी कोरा सोडायचा नाही. वही सांभाळायला एक मुलगा व एक मुलगी हवी आहे. पुढच्या महिन्यात प्रत्येक प्रश्नाचे काय झाले ते याच दोघांनी इथे उभे राहून सांगायचे आहे, नकार आला असेल तरीही. कोण पुढे येते?