शेत कोणाच्या नावाचे?



निवृत्तीनंतर खेड्यात जाऊन साधेपणाने राहावे, अशी यांची इच्छा. दोन वर्षे आम्ही काटोल, सावनेर, उमरेडच्या वाटा तुडविल्या. विहीर पाहायची ती मे महिन्यात, एवढे मलाही कळू लागले. पण अडले ते पाण्यावाचून नव्हे. विदर्भाच्या 1958 च्या कुळकायद्याप्रमाणे जो शेतकरी नाही, त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. हे जन्माने धंतोलीचे. यांच्या नावावर वावर कोठले!

वावर माझ्या नावावर आहे. वडील गेल्यावर नरखेडकडच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर माझेही नाव चढले. हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तरी हक्कसोडीचा कागद घरी आलाच. "बाई माहेर तोडते" असेही बोलले गेले. मी सही केली नाही. माहेर तुटले नाही. संत्र्यांची पेटी मात्र दोन हंगाम आली नाही. तिसऱ्या हंगामी आली.

आता भिवापूरच्या वाटेवर चार एकर पसंत पडले आहे. खरेदीखत माझ्या नावाने व्हायचे. हे जरासे खट्टू झाले, मग हसले.

ज्यांच्या यजमानांचे शेत आहे, त्यांनी 'लक्ष्मीमुक्ती' हा शब्द ध्यानात ठेवावा. शासनाने ही योजना 1992 साली काढली. नवऱ्याने रीतसर अर्ज केला की सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून बायकोचेही नाव लागते. अर्ज मात्र त्यांनीच करायचा असतो. विषय चहाच्या वेळी काढावा.