अठरा तास अभ्यास आणि उरलेले सहा तास

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



समितीने मला विषय दिला आहे, ‘महाविद्यालयीन विद्यार्थी : मनावरील ताण आणि कलागुणांची जोपासना’. विषय मुलांचा आहे, पण मागे बसलेल्या आई-वडिलांनी तो जास्त लक्ष देऊन ऐकावा अशी माझी विनंती आहे. कारण मुलाच्या डोक्यावरचं ओझं पुष्कळदा आपण घरातल्यांनीच मिळून ठेवलेलं असतं, आणि तेही प्रेमाने.

आपल्या घरांत काय होतं बघा. आजोबा बिगारी, वडील कुठे तरी शिपाई नाहीतर रिक्षावर, आई चार घरची कामं करते, आणि त्या घरातली मुलगी इंजिनिअरिंगला किंवा नर्सिंगला जाते. सगळं घर तिच्याकडे डोळे लावून बसतं. “तू फक्त शीक, आमचं काय व्हायचं ते होऊ दे,” असं आई म्हणते. आईच्या मनात माया असते, पण मुलीच्या कानावर ते कर्जासारखं पडतं. एका पेपरात कमी मार्क पडले की तिला वाटतं, आपण नापास झालो म्हणजे सारं घर नापास झालं. मग ती सांगत नाही. जेवत नाही. विचारलं तर “काही नाही” म्हणते.

हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलेलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. म्हणून आज मी जे बोलणार आहे ते केवळ परीक्षेत मार्क वाढविण्यासाठी नाही.

आपल्याकडे एप्रिल महिना आला की बाबासाहेबांना अभिवादन म्हणून सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. महाविद्यालयांत होतो, अभ्यासिकांत होतो. उपक्रम चांगलाच आहे. एक दिवस तरी मुलं एकत्र बसतात, पुस्तकाला पाठ दाखवत नाहीत. पण त्या अठरा तासांचा आपण घराघरांत चाबूक केला आहे. पोरगा जरा गॅलरीत उभा राहिला, कुणी पेटीवर बोट ठेवलं, कुणी चित्र काढायला बसली, की लगेच, “बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, आणि तू?”

तर आपण बाबासाहेबांचंच विद्यार्थीजीवन नीट बघू या. १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, आणि तिला तीन वर्षांची मुदत होती. मुदतीत जेवढं पदरात पडेल तेवढं घ्यायचं होतं. इकडे रमाईंनी जे सोसलं ते आपण सर्व जाणतो. पुढे लंडनला गेले, तर शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. परत येताना जमवलेली पुस्तकं ज्या बोटीने येत होती, ती बोट महायुद्धात शत्रूच्या हल्ल्यात बुडाली. विचार करा, पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी! ते नंतर सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठविले, शाहू महाराजांनी हात दिला, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. तिथेही त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी पहिल्या वेळी जसाच्या तसा स्वीकारला नाही. फेरफार करून पुन्हा सादर केला, तेव्हा १९२३ साली डी.एस्सी. मिळाली.

आता यात मुलांनी घेण्यासारखं काय आहे? अठरा तास आहेतच. पण खंड पडला तरी पुन्हा सुरुवात केली, हेही आहे. गरज पडली तेव्हा मित्राकडे मदत मागितली, त्यात कमीपणा मानला नाही, हेही आहे. आणि एवढ्या धकाधकीचं आयुष्य काढलेल्या या माणसाने उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतलं, हे किती जणांना माहीत आहे? अठरा तासांबद्दल आपण रोज बोलतो. व्हायोलिनबद्दल एकदा तरी मुलांना सांगा.

ताण मुळीच नको असं मी म्हणत नाही. परीक्षाच नसती तर आपल्यापैकी किती जणांनी पुस्तक उघडलं असतं? थोडी धास्ती माणसाला जागं ठेवते. पण ती एका मर्यादेपुढे गेली की येत असलेलंही आठवत नाही. पेपर हातात घेतल्यावर डोकं रिकामं झाल्याचा अनुभव येतो तो यामुळेच.

ही मर्यादा भगवान बुद्धांनी सोण नावाच्या भिक्षूला समजावून सांगितली होती. सोण श्रीमंताघरचा, अंगाने नाजूक. दीक्षा घेतल्यावर त्याने एवढा खटाटोप केला की चालून चालून पाय फुटले, रक्त आलं. तरी चित्त स्थिर होईना. तेव्हा त्याला वाटलं, हे आपल्याला जमणारं नाही, घरी परत जावं. बुद्धांनी त्याला धीर देताना त्याच्याच आवडीची गोष्ट काढली. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. त्यांनी विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? नाही. फार सैल सोडल्या तर? तरीही नाही. मग प्रयत्नाचंही तसंच आहे. अतिरेक केला तर मन अस्वस्थ होतं, ढिलाई केली तर आळस येतो. मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. खचलेल्या तरुणाशी बोलताना बुद्धांनी शेजारच्या हुशार भिक्षूचं उदाहरण दिलं नाही. त्याला स्वतःला काय येतं, तिथून बोलायला सुरुवात केली. आई-वडिलांनो, हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

आता अभ्यासाची तार कशी जुळवायची? एक विषय परीक्षेच्या आदल्या दिवशी सहा तास घोकण्यापेक्षा सहा दिवस रोज एकेक तास करा. एवढंच घड्याळ, पण लक्षात जास्त राहतं. माणूस किती लवकर विसरतो आणि थांबून थांबून केलेली उजळणी कशी टिकते, यावर एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ सालीच पुस्तक लिहिलं. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि काय वाचलं ते न बघता लिहून काढा. दुसरं म्हणजे झोप. दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं बरंच काम झोपेत चालतं. रात्रभर जागून सकाळी पेपरला जाणारा मुलगा शेत पेरतो आणि पाणी द्यायचंच विसरतो. मोबाइल उशाशी ठेवू नका, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. आणि ज्यांच्या घरी एकाच खोलीत पाच-सहा माणसं आहेत, तिथल्या मुलाला वेळापत्रक शिकवण्याआधी टीव्हीचा आवाज कमी करा. तेवढं घराने करावं.

पण सगळा ताण वेळापत्रकाने जात नाही, हे मला स्पष्ट बोललं पाहिजे. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर आला नाही, मेसचे पैसे थकले, तर तो ताण ध्यानाने कसा जाईल? तिथे अर्ज, पाठपुरावा आणि माहिती लागते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. अजूनही अनेक घरांना ती ठाऊक नाही. तसंच कुणी आडनाव विचारून, रँक विचारून टोमणे मारत असेल, तर “मन घट्ट कर” एवढं सांगून भागणार नाही. तो मुलाच्या मनाचा दोष नसतो, तो समोरच्याने केलेला अन्याय असतो. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ सालापासून कायदा आहे. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा, लेखी तक्रार द्या, आणि एकटे जाऊ नका. रोहित वेमुला २०१६ साली गेला, डॉ. पायल तडवी २०१९ साली गेली. त्यांची आठवण नुसती जयंती-पुण्यतिथीची राहू नये.

आता कलागुणांकडे येते. आपल्याकडे दहावीपर्यंत मुलगा ढोलकी वाजवतो, मुलगी जयंतीला भीमगीत म्हणते, सगळे टाळ्या वाजवतात. बारावी आली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. “आधी नोकरीला लाग, मग गा.” आणि नोकरी लागेपर्यंत गळा बसलेला असतो! आपण कलेला अभ्यासानंतरचं बक्षीस समजतो. खरं तर ती अभ्यासाच्या सोबत चालणारी गोष्ट आहे. ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली नव्या कल्पना कशा सुचतात याचे चार टप्पे मांडले. आधी भरपूर तयारी, मग ती गोष्ट काही काळ बाजूला ठेवणं, मग अचानक सुचणं, आणि शेवटी सुचलेलं तपासून घेणं. दुसरा टप्पा बघा, बाजूला ठेवणं. गणित सुटत नाही म्हणून उठून नळावर पाणी भरायला गेलात आणि हंडा भरता भरता रीत सुचली, असं तुमच्यापैकी अनेकांचं झालं असेल. तो वेळ वाया गेलेला नसतो. मात्र पहिला टप्पा गाळून नुसतं नळावर उभं राहिलात तर काही सुचणार नाही, हेही सांगून ठेवते!

लिहिण्याने ताण हलका होतो, हेही तपासून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी आपल्या सहकाऱ्यासह केलेला एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगाविषयी लिहायला सांगितलं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून झाल्या झाल्या जरा उदासच वाटलं. पण पुढच्या काही महिन्यांत त्यांना दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. वही आणि पेन एवढाच खर्च. शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही.

आपल्याला हे परकं नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून, मिळेल तशा वेळात लिहीत. लिहिलेलं कित्येक वर्षं घरात लपवून ठेवावं लागलं. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आलं आणि आज देशोदेशीचे लोक ते वाचतात. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. तिथली मुलं खेड्यापाड्यांतून आलेली, अनेकांच्या घरात पहिलं पुस्तक त्यांचंच. त्या मुलांना नुसतं घोकायला लावलं नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ नाटक लिहिलं, विद्यार्थ्यांनी ते उभं केलं. तिथेच शिकविणाऱ्या गंगाधर पानतावणे सरांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं आणि किती तरी नव्या पोरांना लिहितं केलं. फी भरायची पंचाईत असलेल्या मुलांच्या कॉलेजात नाटक बसत होतं. मग आपल्या वस्तीत का बसू नये?

म्हणून विहार समितीपुढे माझी एक छोटी सूचना आहे. अभ्यासिका चालू ठेवा, पण आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास, पुस्तकं मिटून ठेवा. कुणी गाईल, कुणी कविता वाचेल, कुणी पोस्टर रंगवेल. वर्षाला एक हस्तलिखित काढा. नंबर लावू नका, बक्षीस ठेवू नका. मार्कांची मोजणी बाहेर भरपूर चालते. ज्या मुलांची डिग्री झाली आहे त्यांनी त्याच संध्याकाळी धाकट्यांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यावेत. मन हलकं करणं आणि कागद पुरे करणं, दोन्ही एकाच सतरंजीवर होऊ द्या.

आणि शेवटचं. एखादं पोर सतत गप्प राहायला लागलं, झोप उडाली, आवडीची गोष्ट सोडून दिली, “मी तुमच्यावर ओझं आहे” असं बोललं, तर ते नाटक समजू नका. रागावू नका, उपदेश करू नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. मग त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा २०२२ सालापासून आहे, नंबर १४४१६, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तापाला डॉक्टर चालतो, मग मनाला का लाज वाटावी?

मुलांनो, आज घरी गेल्यावर तुम्ही सोडून दिलेली एक गोष्ट आठवा. ढोलकी असेल, रंग असतील, वही असेल. तिच्यावरची धूळ झटका. आणि आई-वडिलांनो, आज रात्री मुलाला मार्क विचारू नका. “बरेच दिवसांत गायला नाहीस, एखादं म्हण ना,” एवढंच म्हणा. अभ्यास उद्या सकाळी आहेच.



जयभीम! नमो बुद्धाय!