शक्तीची विहीर बेतानं उपसा



एखाद्या तापानंतर 6 महिने उलटले तरी थकवा हटत नाही, झोपूनही अंग हलकं होत नाही, थोडं खुरपलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं. याला आळस म्हणू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. रक्तक्षय, मधुमेह, थायरॉईड यांनीही असा थकवा येतो, त्यांवर औषध आहे.

त्यातलं काही न निघाल्यास शक्ती जपून वापरा. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की आपण थोडा वेळ पंप चालवतो, मग झरे भरू देतो. तसंच 15 मिनिटं धान्य निवडा, मग आडवं व्हा. दमायच्या आधीच थांबा. बरं वाटलं म्हणून एका दिवसात दोन दिवसांचं काम उरकू नका. तिथंच घात होतो. आणि घरच्यांनो, पाण्याची घागर तुम्ही उचला!