पंचवीस टक्क्यांतलं मूल

शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत, अल्पसंख्याक शाळा वगळता, प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट देणारा राज्य सरकारचा बदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. फार बरं झालं!

या जागेवर नामांकित शाळेत गेलेल्या मुलाला प्रयोगशाळा, मैदान, सफाईदार इंग्रजी आणि जन्मभराच्या ओळखी मिळतात. पण फी माफ झाली तरी सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, मित्राच्या वाढदिवसाची भेटवस्तू हा खर्च सुटत नाही. मूल काही मागेनासंच होतं. आणि संध्याकाळी त्याची आई इंग्रजीतली शाळेची डायरी घेऊन, कोणी वाचून देईल का, म्हणून शेजारचं दार वाजवते.