ठाण्यांतील तंत्रशिक्षण
(महोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं देवळाचा इतिहास सांगावा अशी रीत आहे. आम्हीं मात्र आज निराळ्याच घराचा विषय घेतला आहे. चेंदणी बंदराच्या रस्त्यावर, खाडीच्या कांठीं, विद्या प्रसारक मंडळाचें तंत्रनिकेतन आहे. त्या घराशीं आपल्या मुलांचें हित निगडित आहे, असें आम्हांस वाटतें.

हातचा धंदा शिकविणारी शाळा ठाण्यास नवी नव्हे. सोळाव्या शतकांत, पोर्तुगिजांच्या अमदानींत, येशूसंघी फादर गोन्सालो रॉड्रिग्ज यांनीं येथें अनाथ मुलें सांभाळलीं व अक्षरओळखीबरोबर त्यांस शिवणकाम, विणकाम, लोहारकाम असे धंदे शिकविले. मुलांस आधीं धर्म दिला कीं आधीं भाकर, हा वाद पंडितांनीं करावा. धंदा दिला, एवढें खरें. ठाण्याच्या ख्रिस्ती विणकरांचें रेशीम पुढें दीर्घकाळ नांवाजलेलें होतें.

त्यानंतर आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजीं ती बोरीबंदराहून ठाण्यास पोंचली, पुढल्याच वर्षीं कल्याणास. तिच्यामागोमाग कारखाने आले : ठाण्यास रेमंडची लोकर गिरणी, मोहन्यास एन. आर. सी.चा रेयॉनचा कारखाना, मग वागळे इस्टेट व डोंबिवलीची औद्योगिक वसाहत. बापाच्या ओळखीनें मुलगा आंत चिकटावा आणि उस्तादाच्या हाताखालीं शिकावा, हीच पुष्कळांची तंत्रशाळा होती.

विद्या प्रसारक मंडळ १९३५ सालचें. त्यानें तंत्रनिकेतन काढलें तें १९८३ मध्यें. त्याच वर्षीं महाराष्ट्र शासनानें खाजगी संस्थांस विनाअनुदान तत्त्वावर अशा शाळा काढूं दिल्या. विनाअनुदान म्हणजे इमारत संस्थेची आणि खर्चाचा भार फीच्या रूपानें पालकांवर. हें गरिबास जड जातें, तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं.

आतां मुद्दा असा कीं, ज्या कारखान्यांच्या भोंग्यावर आपल्या वडिलांचीं घड्याळें चालत, त्यांतील रेमंडची ठाण्याची गिरणी आणि मोहन्याचा कारखाना हे दोन्ही २००९ सालीं बंद पडले. ओळखीनें चिकटण्याची वाट त्यांच्याबरोबरच बुजली. ज्याचें शिक्षण एका यंत्रापुरतें होतें, तो त्या यंत्राबरोबर घरीं बसला. ज्यास यंत्र कां चालतें हें ठाऊक होतें, त्यास दुसरा दरवाजा ठोठावतां आला.

आणखी एक गोष्ट. २०१६ च्या मे महिन्यांत आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यांत डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसें दगावलीं. अशा ठिकाणीं दाबमापकाचा कांटा वाचणारा मनुष्य पोटार्थी उमेदवार असावा कीं शिकलेला असावा, हें त्या वस्तीतील आयांस विचारावें. तंत्रनिकेतनांत रसायन व उपकरणशास्त्र शिकवितात, तें केवळ नोकरीसाठीं नव्हे.

तरीहि दहावीचा निकाल लागला कीं पालक आम्हांस म्हणतात, “फादर, डिप्लोमा कशाला? हात काळे करायचे काय?” सुताराच्या घरीं वाढलेल्या प्रभूच्या देवळांत हें बोलणें आम्हांस कानास लागतें. आणि मुलगी असली तर विचारहि होत नाहीं! डिप्लोमा तीन वर्षांचा असतो. तो पुरा करणाऱ्यास इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळूं शकतो. शुल्कसवलतीच्या सरकारी योजना आहेत, पण त्यांचे अर्ज वेळेवर भरावे लागतात.

निकालानंतरच्या रविवारीं, दुसऱ्या मिस्सेनंतर, आम्ही सभागृहांत बसणार आहों. मुलास आणि मुलीस घेऊन यावें. गुणपत्रिका व उत्पन्नाचा दाखला बरोबर आणावा.